बंबात बर्फ

चारचौघांत दम्याचा पंप ओढू नकोस, असं नातवानं आजीला सांगावं! तेही तिच्याच घरात, तिच्याच ओट्यापाशी उभं राहून, तिनंच थापलेल्या थालीपिठाचा घास तोंडात असताना. तुळजाबाईंनी या घरात आजवर पुष्कळ ऐकून घेतलं होतं आणि त्याहून पुष्कळ ऐकवलं होतं, पण असलं काही त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"म्हंजे कसं म्हणतोस?" तवा उतरवत त्यांनी विचारलं.

"म्हणजे असं गं आजी," विश्वजीत म्हणाला, "आज वर्कशॉपला माणसं येणार, सगळे व्हिडिओ काढणार. तू मस्त नऊवारी नेसून खुर्चीत बसायचं, हसायचं, हात जोडायचे. बोलायचं मी बघतो. फक्त तो पंप बाहेर काढायचा नाही. थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे."

"आन् दम लागला तर?"

"तर आत येऊन घे ना. बाथरूममध्ये. कोण बघतंय?"

"मी काय बिडी ओढती व्हय रं, संडासात लपून?"

"आजी, ते बरं नाही दिसत. लोक तुला बघायला येतात. एक इमेज असते."

"बरं न्हाई दिसत म्हंजे कोण? पंप, का मी?"

विश्वजीतनं तोंडातला घास गिळला. ओट्यावरच्या फडक्याला हात पुसले आणि अर्धं थालीपीठ ताटलीत तसंच टाकून तो गच्चीकडं पळाला. त्या घरात पानात टाकलेलं एक वेळ चालत असे. तुळजाबाईंच्या प्रश्नाला उत्तर न देता जाणं चालत नसे. त्यांनी ते उरलेलं थालीपीठ झाकून ठेवलं. येईल, भूक लागली की येईल, मग बघू.

घर विश्रांतवाडीच्या पुढं, धानोरीच्या अंगाला. एके काळी या सगळ्या पट्ट्यात त्यांची ज्वारी उभी असायची. मग शहर आलं. ते काही वाजतगाजत आलं नाही. आधी एक मोजणीवाला आला, मग एक बिल्डर आला, मग डांबर आलं. ज्वारीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि मुलगा साईनाथनं मिळालेल्या पैशांत हे चार मजली घर बांधलं. मालक गेनबा त्याआधीच गेले होते. साईनाथ स्वभावानं गरीब, तोंड उघडायचा तो चहा मागायला. त्यामुळं घराचा कारभार तुळजाबाईंच्याच पदराला बांधलेला राहिला. शाळेचं म्हणाल तर तिसरीपर्यंत. मराठी पाटी अडखळत वाचता यायची, इंग्रजी अक्षरं म्हणजे साखरेवरच्या मुंग्या.

विश्वजीत इंजिनिअर झाला, खराडीला एका मोठ्या कंपनीत लागला आणि तिथं पार वाळून गेला. रात्र रात्र झोप नाही, बोलताना हात थरथरायचे, जेवणावर वासना नाही. मग कुणाच्या तरी नादानं कुठल्याशा डोंगरात गार पाण्याचं नि श्वासाचं शिबिर करून आला. आल्यावर गच्चीत एक भलामोठा निळा टब मांडला, बर्फाच्या कारखान्यातनं लाद्या आणल्या आणि रोज पहाटे त्यात मानेपर्यंत बसायला लागला. पहिल्या दिवशी असा किंचाळला की खालच्या भाडेकरूंनी दार उघडून विचारलं, काय झालं? "काय न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या, "आमचं वासरू धुवायला काढलंय."

पण पोराच्या तोंडावर रंग आला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. झोपायला लागला, खायला लागला, नोकरी सोडून हेच शिकवायला लागला. त्याबद्दल त्यांची तिळमात्र तक्रार नव्हती. पोरगं बर्फात बसून शहाणं होतंय ना, मग बसू दे. त्यांची तक्रार सुरू झाली ती त्या व्हिडिओपासून. खरं तर तेव्हाही नाही. तेव्हा त्या खूश होत्या.

डिसेंबरातली पहाट होती. तुळजाबाई नेहमीसारख्या गच्चीतल्या नळाखाली बादली लावून, लुगड्यासकट, तांब्यानं डोक्यावर गार पाणी ओतत होत्या. मग कोरडं नेसून, झोपाळ्यावर बसून, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडत होत्या. विश्वजीतनं ते मोबाइलवर टिपलं, खाली बासरी वाजवली आणि जगाला दाखवलं. जगानं ते लाखांनी पाहिलं. सुनेनं त्यांना दाखवलं तेव्हा त्यांना बासरी ऐकू आली, पाण्याची धार दिसली आणि खाली पळणाऱ्या इंग्रजी मुंग्या दिसल्या. चांगलंच लिहिलं असेल, त्यांना वाटलं. नातवानं आजीबद्दल आणखी काय लिहायचं?

मग माणसं यायला लागली. विमाननगरहून, बाणेरहून, कुठून कुठून. पाया पडायची, शेजारी उभं राहून फोटो काढायची. "आजी, सीक्रेट काय?" विचारायची. "घाबरायचं न्हाई," त्या सांगायच्या, आणि माणसं ते गीतेतल्या श्लोकासारखं लिहून घ्यायची. ज्या बाईला उभ्या जन्मात कुणी 'जेवलीस का' म्हणून विचारलं नाही, तिला हे गोड लागलं तर त्यात नवल काय?

आज मात्र थालीपीठ झाकून त्या लिफ्टनं वर गेल्या आणि गच्चीच्या दारातच थबकल्या.

मधोमध टेबल मांडलं होतं. टेबलावर हिरवी सतरंजी, सतरंजीवर त्यांचा तांब्याचा बंब. एरवी तो दिवाणखान्यात कोपऱ्यात असायचा, मनीप्लांट डोक्यावर घेऊन. आता त्याला चिंच लावून लखलखीत घासलं होतं, गळ्यात झेंडूची माळ घातली होती, आणि विश्वजीतचा मित्र चेतन त्याच्या उघड्या तोंडातून आत बर्फाचे तुकडे ओतत होता.

"अरं! अरं, हे काय चालवलंयस?"

"व्हिंटेज लूक, आजी!" चेतन म्हणाला. "लोक आल्यावर याचा नळ सोडायचा, गार पाणी येणार. भारी ना?"

"बंब हाय तो. त्याच्या पोटात विस्तव घालत्यात, बर्फ न्हाई."

"तेच तर कॉन्सेप्ट आहे," चेतन हसला आणि आणखी एक घमेलं ओतायला वळला.

तुळजाबाई खुर्चीत टेकल्या. बंबाच्या मधल्या नळकांड्यात, जिथं निखारे असायचे, तिथं बर्फ कुरकुरत खाली बसत होता. तो आवाज त्यांच्या दातांत गेला.

या बंबाशी त्यांचं जुनं वैर होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा पोरच होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी सासूनं, सुंदराबाईनं, हातात गोवऱ्यांची पाटी दिली. बंब पेटवायचं काम धाकट्या सुनेचं. कोंबडं आरवायच्या आत उठायचं, नळकांड्यात तुराट्या नि गोवऱ्या घालायच्या, वाकून फुंकणीनं फुंकायचं. ओल्या गोवऱ्या असल्या की धूर वर जायचं सोडून खालीच यायचा, नाकातोंडात, डोळ्यांत. मग रांग सुरू. आधी सासरे. पाणी जरा कोमट आलं की न्हाणीतून हाक यायची, "पाणी हाय का कालची आमटी?" मग मोठे दीर, मधले दीर, गेनबा, पोरंसोरं, मग सासू, मग मोठ्या जावा. ज्यानं बंब पेटवला त्याची पाळी सगळ्यांत शेवटी. तोवर निखारे राख झालेले. आणखी दोन काटक्या घालायला गेलं की सुंदराबाई म्हणायची, "लाकडं काय झाडाला लागत्यात का गं?"

"मग कशाला लागत्यात, आत्याबाई?" तुळजाबाईंनी एकदा विचारलं होतं.

त्याचं उत्तर त्यांच्या दंडावर महिनाभर निळं होतं.

म्हणून गार पाणी. माघात, पौषात, बाळंतपणाचा महिना सरला की लगेच गार पाणी. त्यात साधना नव्हती, तप नव्हतं. उरलेलं पाणी होतं ते. उरलेली भाकरी, उरलेलं कालवण, तसंच उरलेलं पाणी.

आणि मग खूप वर्षांनी, सुंदराबाई थकल्यावर, एका दिवाळीच्या पहाटे म्हातारीनं स्वतःच हाक मारली होती. "तुळजा, आज तू घे गं पयलं पाणी. कडक तापलंय." दुसरी कुणी असती तर पाझरली असती. तुळजाबाईंनी नळाखालची गार पाण्याची बादली उचलली, सासूच्या डोळ्यांसमोर सगळीच्या सगळी डोक्यावर ओतली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. आता गरम सोसत न्हाई मला."

तेव्हापासून आजतागायत. घरात गीझर आला, सोलर आलं, नळ फिरवला की वाफ यायला लागली. तुळजाबाई गच्चीत गार पाण्याखाली. लोक ज्याला साधना म्हणत होते, तो एका सुनेचा हट्ट होता. आणि हट्टानं अंग खरोखरच काटक झालं होतं, हेही खोटं नाही.

पण छाती गेली होती. जिना चढताना दम लागायला लागला, बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं, तेव्हा साईनाथ त्यांना सदाशिव पेठेत छातीच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं नळीत फुंकायला लावलं, फोटो पाहिला आणि विचारलं, "आजी, बिडी ओढत होता?"

"बिडी न्हाई," तुळजाबाई म्हणाल्या, "बंब."

डॉक्टर आधी हसला. मग हसायचा थांबला आणि सगळं विचारून घेतलं: धूर किती, बंद जागा होती का, किती वर्षं. त्यानं आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, घरात सगळे त्याला दमाच म्हणायला लागले. पंप दिला, आणि ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. "फुंकणी फुंकल्यासारखं," तो म्हणाला. तुळजाबाईंना हसावं की रडावं कळेना. ज्या फुंकणीनं छाती नासली, तीच फुंकर आता औषध म्हणून. गार पाणी बंद करा, असंही तो म्हणाला होता. तेवढं मात्र त्यांनी ऐकलं नाही. गरम पाण्याला हात लावला असता तर म्हातारी वर बसून हसली असती.

माणसं जमली. रबरी पट्ट्यांवर तरणी पोरंपोरी मांडी घालून बसली. सदाशिव पेठेतून दोन बस बदलून आलेले, कानटोपीतले एक आजोबा मागच्या खुर्चीत बसले. त्यांनी आल्या आल्या चेतनला विचारलं, "नंतर अंग शेकायला गरम पाण्याची काही व्यवस्था?"

"नाही काका. तोच तर पॉइंट आहे."

"मग एवढ्या लांब कशाला आणलंत? आमचाही गीझर बंदच आहे."

विश्वजीतनं माईक हातात घेतला. केसांचा बुचडा, अंगात नुसती चड्डी, छातीवर काटा. दिसायला पोरगं देखणं होतं, गेनबांवर गेलेलं.

"गुड मॉर्निंग. ही माझी आजी, तुळजा आजी." टाळ्या. तुळजाबाईंनी हात जोडले. "आणि हा आमच्या घरातला हेरिटेज पीस. आमच्या फॅमिलीत पाच पिढ्या थंड पाण्यानं आंघोळ होते. नो गरम पाणी. कारण आमच्या पूर्वजांना माहीत होतं की थंड पाणी माणसाला आतून स्ट्राँग करतं..."

तुळजाबाईंना सासरे आठवले. कालची आमटी. त्यांनी ओठ दाबून धरले.

मग सगळे आडवे झाले आणि विश्वजीतच्या तालावर भात्यासारखे श्वास घ्यायला लागले. गच्चीभर फूसफूस सुरू झाली. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी अलगद येऊन बसलं. साठीची बाई, अंगात स्वेटर, त्यावर शाल, केस नीट विंचरलेले.

"जय भीम, मावशी. मी प्रेमला. टिंगरेनगरला असते. तुम्हाला भेटायचंच होतं."

"रामराम. बसा की. पट्टीवर न्हाई झोपला?"

"आडवं झालं की..." बाई थांबली, श्वास घेतला, "...जीव घाबरतो. मुलगा म्हणाला, बसूनच करा. तो बघा, निळ्या टी-शर्टातला, अभय. रोज तुमचा व्हिडिओ दाखवतो मला."

तुळजाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. खांदे श्वासागणिक वर जात होते. गळ्याखाली खड्डा पडत होता, भरत होता. ओठांचा आपोआप चंबू होत होता. आरशात पाहावं तसं.

"दमा हाय तुम्हाला."

"तुमच्यासारखाच. म्हणजे, तुम्हाला होता तसा."

"होता?"

"व्हिडिओखाली लिहिलंय ना, मावशी." प्रेमलाबाई दम घेत घेत सांगत होत्या, पण चेहऱ्यावर कौतुक होतं. "बर्फाच्या पाण्यानं आणि श्वासाच्या व्यायामानं आजीचा दमा पूर्ण गेला. पंप कायमचा सुटला. मी टपाल खात्यात जन्म काढला, कुणाच्या सांगण्यावर सहजी विश्वास ठेवत नाही. पण अभयला म्हटलं, माझ्याहून मोठी बाई करते, तर मला काय धाड भरलीय? सोडला मीपण पंप. आठवडा झाला असेल."

तुळजाबाईंचा हात कमरेकडं गेला. तिथं, कनवटीला, पंप होता. सकाळीच घेतला होता. तो तिथं निखाऱ्यासारखा लागला.

म्हणजे पोराला त्यांच्या आजाराची लाज वाटत नव्हती. लाज वाटली असती तर एक वेळ परवडलं असतं. पोरानं त्यांना बरं करून टाकलं होतं. त्यांना न विचारता, इंग्रजीत. आणि त्यांच्या बरं होण्यावर विसंबून ही बाई आठवडाभर गळ्याचा खड्डा भरत बसली होती.

"आता आपल्या सीनियर पार्टिसिपंट!" माईकवरून आवाज आला. "फक्त दोन मिनिटं बर्फात, आणि आजीसारखं हसत बाहेर. प्रेमला मॅडम! जोरदार टाळ्या!"

प्रेमलाबाईंनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. अभय पुढं आला, एका हातानं आईचा दंड धरला, दुसऱ्या हातात मोबाइल. टबातला बर्फ उन्हात चमकत होता. दोन पावलं गेल्यावर प्रेमलाबाई थांबल्या, गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या. लोकांना वाटलं, तयारी करतात.

"बस खाली," तुळजाबाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण त्या आवाजानं एके काळी बैलं थांबायची. टाळ्या थांबल्या.

"मावशी, मी घाबरत नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"ते मला दिसतंय. घाबरत न्हाईस म्हणूनच सांगती. घाबरणारी बाई औषध सोडत नसती. बस."

"आजी," विश्वजीत दातांवर दात दाबून हसत पुढं आला, "प्लीज. फ्लो तुटतो."

तुळजाबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. त्या उठल्या आणि टब नि प्रेमलाबाई यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या. चार पावलांचं अंतर, पण त्यांनाही दम लागला. लागला तो बरंच झालं. त्यांनी कनवटीचा पंप काढला, वर धरून सगळ्यांना दाखवला, टोपण काढलं, खळखळ हलवला, सगळा श्वास बाहेर सोडला आणि तोंडाला लावून ओढला. तोंड मिटून, डोळे उघडे ठेवून, गच्चीवरच्या एकेकाकडं बघत श्वास धरून ठेवला. मग ओठांचा चंबू करून सावकाश सोडला. दुसऱ्यांदा ओढला. सगळे मोबाइल त्यांच्याकडं वळलेले होते. वळू देत. नऊवारी नेसायला लावली होती ना? आता नीट बघा म्हणावं.

"हा माझा पंप," त्या म्हणाल्या. "काल घेतला, आज घेतला, उद्या बी घेणार. माझा दमा कुठं गेलेला न्हाई. हितंच हाय. माझ्यासंगं सरणावर जाणार. आन् गार पाण्यानं माझं काय बरं झालेलं न्हाई. ए पोरा, निळ्या अंगरख्याच्या, तुझ्या आईचा पंप कुठंय?"

अभयचा चेहरा उतरला होता. "घरी... नाही, थांबा. डिकीत आहे. बायकोनं ठेवायला लावला होता. मीच हसलो होतो तिला."

"मग पळ. आन् घरी गेल्यावर तिच्या पाया पड."

तो धावला. तो येईपर्यंत तुळजाबाईंनी प्रेमलाबाईंना खुर्चीत पुढं वाकवून बसवलं, कोपर मांडीवर टेकवायला लावले आणि समोर बसून ओठांचा चंबू करून दाखवत राहिल्या. हळू. घाई न्हाई. फुंकणीगत. माझ्याकडं बघ. प्रेमलाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या बघत राहिल्या आणि फुंकर घालत राहिल्या. अभय पंप घेऊन आला. दोनदा घेतल्यावर हळूहळू खांदे खाली आले. गळ्याचा खड्डा अजून पडत होता, पण आता उथळ.

"आता थेट तुझ्या डॉक्टरकडं," तुळजाबाईंनी सांगितलं. "आजच. आन् आठवडाभर काय केलं ते त्याला खरं सांग. रागावला तर माझं नाव सांग."

"तुमचंच तर नाव सांगणार आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि एवढ्या दमातही त्यांना हसू आलं.

मग अगदी मागून, कानटोपीतून, कोरडा आवाज आला. "एक शंका आहे. या घरात पाच पिढ्या सगळे गार पाण्यानं आंघोळ करत होते, असं आता सांगण्यात आलं. मग हा बंब काय सरबत करायला ठेवला होता?"

कुणीतरी खुदकन हसलं. पट्टीवरच्या एका पोरीनं शेजारणीला विचारलं, "बंब म्हणजे काय?"

"पाणी तापवायचा हाय तो, बाळ," तुळजाबाईंनी तिला सांगितलं. "मधल्या नळकांड्यात जाळ घालायचा, भोवती पाणी. गडीमाणसं आधी नहायची, कढत पाण्यानं. पेटवणारी शेवटी, गार पाण्यानं. पाणी त्यांना, धूर मला. माझी छाती ह्यानंच खाल्ली. आन् माझ्या नातवानं आज त्याच्या गळ्यात हार घातलाय."

त्या पोरीनं हातातला मोबाइल खाली केला.

"आजी!" विश्वजीत अगदी जवळ येऊन कुजबुजला. "लाइव्ह चालू आहे!"

"मग बरंच झालं. दोनदा सांगायला नको."

"आजी, मी खोटारडा नाही गं." त्याचा आवाज चिरकला. काटा आलेल्या उघड्या अंगानं उभा होता आणि एकदम लहान दिसत होता. "मला या पाण्यानं खरंच वाचवलं. तू पाहिलंयस. मी काय होतो तेव्हा, तुला माहिताय."

"पाहिलंय. म्हणून तर तुझ्या टबाला मी कधी नाव ठेवलं न्हाई. मग तुझं सांगायचं. झोप लागत नव्हती, हात कापत होते, ते सांगायचं. माझं का सांगितलंस? तेबी न झालेलं?"

विश्वजीत खाली बघत होता. या वेळी मात्र त्यानं उत्तर दिलं. "माझं कोण ऐकणार, आजी? तरणा पोरगा बर्फात बसला, त्यात काय विशेष? लोकांना तू पाहिजेस."

उत्तर खरं होतं. तुळजाबाईंनी ते मनात तोलून पाहिलं. खऱ्या उत्तराची त्यांच्याकडं नेहमी थोडी किंमत होत असे. म्हणून कानाखाली द्यायला उचललेला हात त्यांनी खांद्यावर ठेवला. जिन्याच्या दारात साईनाथ येऊन उभा होता, मागे सून. एरवी सगळं घर विश्वजीतला विशू म्हणायचं. तुळजाबाईंनी त्याचं पूर्ण नाव घेतलं, तेव्हा साईनाथनं नकळत सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"विश्वजीत, ऐक. सगळ्यांदेखत सांगती, म्हंजे उद्या फिरायला नको. आधी तो व्हिडिओ काढ, आन् जितक्या लोकांनी पाहिला तितक्यांना सांग की आजीचा दमा हाय तसा हाय, कुणी औषध सोडू नका. दुसरं, हा बर्फ आत्ताच्या आत्ता बंबातनं उपस. आन् तिसरं. उद्यापासून हा बंब मागच्या अंगणात. कोंबड्याच्या आधी उठायचं. गोवऱ्या, तुराट्या तू आणायच्या. वाकून फुंकायचं तू. मी वर झोपाळ्यावर बसन, धूर तुझ्या वाट्याचा. तुझा बाप नहाणार, तुझी आई नहाणार, खालचे भाडेकरू नहाणार, हे पेठेतले आजोबा आले तर तेबी नहाणार, कढत पाण्यानं. आन् सगळ्यांचं झाल्यावर जे उरंल, त्यानं तू नहायचं. होळीपर्यंत. मग घे तो भोंगा हातात आन् सांग लोकांना, गार पाणी काय असतं ते. मी सोता येऊन पुढं बसन. आन् हे बघ, म्हातारी कवाच गेली, आज माझा हट्ट बी गेला. पयली बादली माझी."